साळवेबाईंचा लीटर

साळवेबाईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या वर्गाच्या फरशीवर उकिडव्या बसून बांबूच्या काठ्या सुतळीने बांधत होत्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. डी.एड. होऊन मी वाकोल्याच्या त्या प्राथमिक शाळेत नुकतीच रुजू झाले होते. मुख्याध्यापक नाईकसरांनी सांगितले होते, "चौथी अ साळवेबाईंकडे, चौथी ब तुमच्याकडे. काही अडलं तर बाईंना विचारा." विचारायला म्हणून मी शेजारच्या वर्गाच्या दारात गेले. आत सगळे बाक भिंतीला लावलेले, मुले कोंडाळे करून उभी आणि मधोमध माझ्या कमरेच्या वर येणारा बांबूचा सांगाडा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. आदल्या वर्षीच्या गणपतीच्या मांडवाच्या उरलेल्या काठ्या बाईंनी मागून आणल्या होत्या, हे मला नंतर कळले.

"परबबाई ना? या, आत या. बरोबर वेळेला आलात," त्या म्हणाल्या आणि शेवटची गाठ मारून उभ्या राहिल्या.

त्यांच्या टेबलावर पत्र्याचा एक चौकोनी डबा होता. लांबी, रुंदी, उंची सगळी दहा-दहा सेंटिमीटर. वाकोल्यातल्या एका पत्र्याच्या कारागिराकडे स्वतः उभ्या राहून बाईंनी तो करून घेतला होता. त्यात काठोकाठ भरलेले पाणी म्हणजे एक लीटर. तो डबा हातात धरून बाईंनी मुलांना विचारले, "ह्या पिंजऱ्यात असे किती डबे बसतील?"

"पन्नास." "शंभर." "दोनशे, बाई."

बाई कोणालाच चूक म्हणाल्या नाहीत. त्यांनी डबा सांगाड्याच्या तळाशी कोपऱ्यात ठेवला आणि कडेकडेने सरकवत नेला. मुले मोजत गेली. एका रांगेत दहा. मग अशा रांगा किती? दहा. म्हणजे तळाला शंभर डबे. आणि असे थर किती? मुलांनी खालपासून वरपर्यंत नजर फिरवली. मागे उभी असलेली एक किडकिडीत मुलगी सावकाश म्हणाली, "हजार."

"हजार लीटर म्हणजे एक किलोलीटर. रोज पाढ्यासारखं म्हणता ना, तो हा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मातीचा एक लहानसा चौकोनी खडा काढला. त्याची प्रत्येक कड एक सेंटिमीटरची. "आणि हा एक मिलीलीटर. असे हजार खडे एका डब्यात मावतात. डबे हजार. मग ह्या पिंजऱ्यात खडे किती?"

तेवढ्यात शाळेच्या डोक्यावरून विमान गेले. विमानतळ इतका जवळ, की विमान आले की वाकोल्यातले बोलणे आपोआप थांबते. मुलेही थांबली. आवाज विरला आणि कोणीतरी हळूच म्हणाले, "दहा लाख." एकही मूल हसले नाही. बाईंनी तो खडा एकाच्या तळहातावर ठेवला. तो मुलगा एकदा तळहाताकडे आणि एकदा त्या सांगाड्याकडे पाहत राहिला. मीही पाहत राहिले. परीक्षेत मी हे रूपांतर कितीदा तरी केले होते, स्वल्पविरामासह शून्ये बरोबर मांडली होती. पण दहा लाख म्हणजे काय, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. दारात उभी राहिलेली मी शिक्षिका म्हणून आले होते आणि विद्यार्थिनी होऊन परत गेले. आज बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघत असताना पुन्हा तीच विद्यार्थिनी लिहिते आहे, असे वाचकांनी समजावे.

बाईंची शिकवण्याची रीत सांगायची तर त्यांचेच वाक्य द्यावे लागेल. "आधी ओता, मग लिहा." किलोलीटर, हेक्टोलीटर, डेकालीटर, लीटर, डेसिलीटर, सेंटिलीटर, मिलीलीटर ही नावे आम्ही सगळेच पाठ करून घेत असू. माझ्या वर्गातली मुले ती घडाघडा म्हणत आणि गणित सोडवताना दशांशचिन्ह भलत्याच बाजूला सरकवत. एकदा मधल्या सुट्टीत मी हताश होऊन बाईंना एक वही दाखवली. त्यात तीन लीटरचे उत्तर शून्य पूर्णांक तीन सहस्रांश मिलीलीटर असे लिहिलेले होते.

"परबबाई, तुम्ही त्यांना शून्यं मोजायला शिकवता," त्या म्हणाल्या. "शून्यं नंतर. आधी विचारा, पाणी मोठ्या भांड्यातून लहान भांड्यांत चाललंय की लहानांतून मोठ्यात? लहान भांड्यांत चाललं तर भांडी जास्त लागणार. आकडा मोठाच यायला हवा. त्या मुलाला म्हणा, तुझ्या घरी तीन लीटर पाणी होतं, तू उत्तर लिहिलंस आणि घरात एक थेंबसुद्धा उरला नाही. ते गेलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला तसेच विचारले. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि मग स्वतःच खोडरबर मागायला आला. पुढे शिक्षकी पेशात मी पुष्कळ प्रशिक्षणे केली, पण मापनाबद्दल यापेक्षा शहाणे काही मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

आता ज्यांच्यामुळे बाईंचे मोठेपण मला खऱ्या अर्थाने कळले, त्या अनुसयाबाईंकडे येते. त्या बाईंच्या वर्गातल्या रंजनाच्या आई. रंजना म्हणजे तीच, "हजार" म्हणणारी किडकिडीत मुलगी. हे कुटुंब सोलापूरकडून आलेले. वडील बांधकामावर, आई घरकामाला, आणि घर शाळेमागच्या वस्तीत. त्या वस्तीत पाणी सकाळी तासभर यायचे आणि तेही सार्वजनिक नळाला.

एके दिवशी अनुसयाबाई थेट वर्गात आल्या. पदर खोचलेला, आवाज चढलेला. "आमी नळावर भांडून पानी आनतो, अन् तुमी पोरांना सांडायला शिकवता व्हय?"

नाईकसर आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनाही पाण्याची काळजी होतीच. शाळेची टाकी दुपारपर्यंत कशीबशी पुरायची. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, ताई. पाणी सांडलं तर मलाही चालायचं नाही. बसा जरा, बघा."

अनुसयाबाई बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. पण त्यांनी पूर्ण तास पाहिला. एक बादली पाणी होते. मुले खाली परात ठेवून ओतत होती, परातीत पडलेला थेंबन् थेंब परत बादलीत जात होता आणि दिवसाच्या शेवटी ती बादली स्वच्छतागृहाच्या पिंपात रिकामी होत होती. तास संपला तेव्हा त्यांनी बादलीत वाकून पाहिले. "बरं हाय मग," एवढेच म्हणून त्या गेल्या. बाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. त्या मला म्हणाल्या, "बाई खरं बोलली. पाण्यासाठी इतकं भांडणारं माणूस मला आवडतं."

याच सुमारास रंजनाच्या उशिरा येण्याचा प्रश्न निघाला. शाळा सकाळची होती आणि उशिरा येणाऱ्या मुलांना पहिला तास बाहेर उभे करायचा नियम होता. रंजना जवळजवळ रोज बाहेर असायची. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले, की आई कामावर गेल्यावर घरचे पाणी तीच भरते. बाईंनी तिला विचारले, "हे आपण वर्गाला दाखवू या का? तुझी हरकत नसेल तरच हं." रंजनाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती घरची कळशी घेऊन आली. पत्र्याच्या डब्याने मोजून कळशी भरली. आठ डबे मावले. "अशा किती कळश्या आणतेस रोज?" बाईंनी विचारले. "सात," रंजना म्हणाली. छप्पन्न लीटर, असे वर्गाने फळ्यावर काढले. बाईंनी त्याचे मिलीलीटर करायला सांगितले, तेही झाले. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की एक लीटर पाण्याचे वजन एक किलो भरते.

पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे रंजना रोज माझ्या पप्पांएवढं वजन उचलते."

"हो. आणि ते उचलून झाल्यावर शाळेत येते," बाई म्हणाल्या.

नाईकसर दारात उभे होते. त्या दिवसानंतर आमच्या शाळेत उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभे केलेले मी पाहिले नाही. आणि रंजना कळशी उचलून जागेवर गेली, ती जरा ताठ मानेने गेली. लीटरचा किलोलीटर आणि लीटरचा किलोग्रॅम या दोन्ही गोष्टी त्या मुलांना त्यानंतर कधी पुन्हा शिकवाव्या लागल्या नसतील.

त्याच वर्षी पावसाळ्यात वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. आरोग्यसेविका घरोघर जाऊन मीठ-साखरेच्या पुडीची पाकिटे देत होत्या आणि ते पाणी कसे करायचे ते समजावूनही सांगत होत्या. पाकिटावर ठळक छापलेले होते, एक लीटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा. रंजनाचा धाकटा भाऊ बाळू, दीड वर्षाचा, आजारी पडला. रंजना दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती सुट्टी झाल्यावर, दप्तराशिवाय.

"बाई, बाळूला पाकीट दिलं, तरी तो बरा होईना. नुसता रडतोय. पाणी पाणी करतोय. अंग तापलंय."

बाईंनी एकच विचारले. "किती पाण्यात केलं?"

"मला नाही माहीत. मी नळावर होते. आईनं केलं."

बाईंनी चप्पल पायात सरकवली आणि मला म्हणाल्या, "सुनंदा, चल." त्या मला एकेरी हाक मारण्याची ती पहिली वेळ, आणि मी काही न विचारता त्यांच्यामागे निघाले.

घरात अनुसयाबाई बाळूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मूल किरकिर करत होते, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. शेजारी स्टीलचा एक पेला होता, अर्धा भरलेला. बाईंनी त्यात बोट बुडवून जिभेला लावले. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. मीही चव घेतली. जुहूच्या समुद्राचे पाणी लहानपणी तोंडात गेले होते, तसेच ते होते.

"पाकीट एका पेल्यात घातलंत?"

"व्हय. सगळं घातलं," अनुसयाबाई म्हणाल्या. "घट्ट केलं, ताकद यावी म्हनून. लई पातळ करून लेकराच्या अंगाला काय लागतंय?"

आईने आपल्या बाळाला दूध पातळ न करता द्यावे, तसाच हा विचार होता. त्यात माया होती. पण एक लीटरसाठी असलेले मीठ पेल्याभर पाण्यात, म्हणजे पाचपटीहून जास्त दाट झाले होते, आणि त्यातला अर्धा पेला दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात गेला होता.

बाई ओरडल्या नाहीत. "तुमचं काही चुकलं नाही. हे आता देऊ नका. डॉक्टरांकडे जाऊ या, लगेच," असे म्हणून त्यांनी अनुसयाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना उठवले. मी रिक्षा बघायला धावले. आम्ही सगळ्या घाईत होतो. रंजना रडत होती. त्या गोंधळात बाईंनी एक गोष्ट केली, ती मला तेव्हा कळलीच नाही. त्यांनी तो पेला, उरलेल्या पाण्यासह, तोंडाला फडके बांधून सोबत घेतला आणि फाटलेले पाकीट पर्समध्ये टाकले.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाळूची पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारले, "पाकीट किती पाण्यात कालवलं होतं?"

"पेलाभर," अनुसयाबाई म्हणाल्या.

"केवढा पेला?"

अनुसयाबाईंनी हाताने दाखवले. पण दर वेळी माप लहानमोठे होत होते. तेव्हा बाईंनी फडके सोडून पेला टेबलावर ठेवला. "हाच पेला. काठापर्यंत एकशे ऐंशी मिलीलीटर असावा. अख्खं पाकीट यात होतं. मुलानं अर्धा प्यायलाय, अर्धा आहे हा."

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिले. मग उरलेले पाणी वेगळे काढून, पेला साध्या पाण्याने काठोकाठ भरून त्यांनी तो मापाच्या नळकांड्यात मोजून घेतला. एकशे ऐंशीच्या किंचित वर भरला. त्यांनी कागदावर भराभर हिशेब केला आणि नर्सला सूचना दिल्या. अनुसयाबाईंनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून विचारले, "पानी पाजू का त्याला पोटभर?"

"नाही, आई. आता घाईनं पाणी दिलं तरी धोका आहे. शरीरात मीठ चढलंय, ते हळूहळू उतरवायचं. किती चढलंय याचा अंदाज आला, म्हणून मला नीट ठरवता येईल." मग त्या बाईंना म्हणाल्या, "पेला आणलात ते फार बरं केलंत."

बाळू काही दिवस इस्पितळात राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आईचा पदर ओढून तोंडात घातला तेव्हा अनुसयाबाई पहिल्यांदा रडल्या. बाई रोज शाळा सुटल्यावर तिथे जात. पलंगाशेजारी रंजनाचा राहिलेला अभ्यास घेत आणि अनुसयाबाईंना घरी जाऊन आंघोळ करून यायला लावत.

परतीच्या वाटेवर एकदा मी म्हणाले, "पाकिटावर एवढं स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी असं होतं."

बाई चालता चालता थांबल्या. "सुनंदा, पाकिटावर लीटर लिहिलाय. पण घरात लीटर कुठंय? तांब्या आहे, पेला आहे, टोप आहे, कळशी आहे. लीटर कोणाच्या घरात आहे सांग. तुझ्या घरात आहे का?"

नव्हता. माझ्या घरातही नव्हता. ज्यांच्याकडे दूध केंद्रावरची अर्ध्या लीटरची काचेची बाटली येई, त्यांना दोन बाटल्या म्हणजे एक लीटर, एवढे सांगितले की पुरे होते. पण वस्तीतली बहुतेक घरे सुटे दूध घेत, तेही चहापुरते.

त्यानंतरच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, नाईकसरांच्या परवानगीने शाळेच्या व्हरांड्यात जे झाले ते पाहायला मी होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. बाईंच्या वर्गातल्या मुलांनी घरोघर निरोप दिला होता, की पाणी उकळायचे पातेले घेऊन या. बाजारात भांड्यांवर नावे घालणारे इब्राहिमभाई होते. बाई स्वतः त्यांच्या दुकानी गेल्या होत्या. ते आपली छिन्नी-हातोडी घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, नाव घालायचं काम आपलं रोजचं. रेघ आजपर्यंत कोणी घालायला नाही सांगितली."

बायकांची रांग लागली. पत्र्याच्या डब्यात काठोकाठ पाणी भरायचे, ते पातेल्यात ओतायचे, पाणी जिथवर आले तिथे आतून पेन्सिलची खूण करायची, पाणी परत डब्यात घ्यायचे आणि पातेले इब्राहिमभाईंपुढे सरकवायचे. ते खुणेवर ठिपक्यांची रेघ मारत आणि पुढे "१ लि." असे कोरत. एकच लीटर पाणी एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात, दुपारभर फिरत राहिले. कमी पडले तर वरून पेलाभर घालून डबा पुन्हा काठोकाठ करायचा. ओतण्याचे काम अनुसयाबाईंनी मागून घेतले होते. बाळूला घरी आणून दोनच दिवस झाले होते. प्रत्येक पातेले पुढे आले की त्या सांगत, "ह्या रेघेपातूर. घट्ट करायचं न्हाई. घट्ट केलं म्हंजी ताकद येत न्हाई, मी करून बसले." त्यांच्या या सांगण्यापुढे आमच्या कोणाच्याही भाषणाची गरज उरली नाही.

एक बाई इब्राहिमभाईंना म्हणाली, "रेघेवर माझं नाव पण टाक ना, भाऊ." ते मान वर न करता म्हणाले, "नाव दुकानावर. इथं फक्त लीटर." माझ्या सासूबाई मालवणच्या. त्या सहसा घराबाहेर पडत नसत. त्याही आपला टोप घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि पुढे येऊन म्हणाल्या, "माका पण व्हयी रेघ. आमच्याकडे पण नातवंडा येतली." तोपर्यंत आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. सगळ्या हसल्या आणि मी भांडी सरकवायच्या निमित्ताने आत निघून गेले.

साथ त्यानंतर ओसरली. ती कशामुळे ओसरली, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टरांचे, आरोग्यसेविकांचे आणि नळाची दुरुस्ती करणाऱ्यांचे काम मोठे होते. पण पाण्यात पुडी कालवताना आमच्या वस्तीतली आई पातेल्यात वाकून रेघ शोधू लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या संध्याकाळी व्हरांडा पुसून झाल्यावर बाई तो पत्र्याचा डबा पदराने कोरडा करत होत्या. मी सहज विचारले, "बाई, तुम्हाला ह्या लीटरचं इतकं वेड कसं लागलं?"

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या गावात विहिरीवर आम्हाला जायची मुभा नव्हती. आई कळशी घेऊन खाली उभी राहायची. वरून कोणीतरी ओतायचं. कधी कळशी भरायची, कधी निम्मीच. ते ओतणाऱ्याच्या मनावर. आई वर बघत राहायची, अजून पडतंय का म्हणून. मी तिचा पदर धरून असायची. मग शाळेत गुरुजींनी एकदा मापाचा लीटर दाखवला. मला वाटलं, हे बरं आहे. हा कोणाच्या मनावर नाही. इथं जेवढा, तेवढाच सगळीकडं."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितले, आणि सांगून झाल्यावर विचारले, "वर्गाची किल्ली तुझ्याकडे आहे ना?" मी किल्ली दिली. ज्या मुलीच्या वाट्याचे पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर होते, तिने मोठी होऊन शेकडो मुलांच्या हातात माप दिले, आणि ते देताना कोणाबद्दल कडू शब्द काढला नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात त्यांच्यापुढे मी पुष्कळदा नम्र झाले असेन, पण त्या दिवशी व्हरांड्यात मी जे अनुभवले त्याला आदर हा शब्दही अपुरा पडतो.

बाईंनी माझ्यासाठी केलेल्या गोष्टी लिहायच्या तर त्या स्वतःच रागावतील. तरी एक लिहिते. पुढे माझ्या पहिल्या बाळंतपणात मला अंथरुणावर पडून राहायला सांगितले होते. बदली शिक्षक मिळत नव्हता. बाईंनी दोन्ही चौथ्या एका वर्गात बसवून शिकवल्या, आणि मी रुजू झाले तेव्हा माझ्या वर्गाचा अभ्यास वेळापत्रकाच्या दोन धडे पुढे होता. आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "मला सोबत झाली मुलांची. तू आधी बाळ दाखव."

पुढे बाईंची घाटकोपरच्या शाळेत बदली झाली. तिथे त्या मुख्याध्यापिका झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मुख्याध्यापिका असतानाही चौथीचा मापनाचा धडा त्या स्वतः घेत. त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज कुठे कुठे आहेत, हे या ग्रंथातल्या इतर लेखांतून वाचकांना कळेलच. रंजना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांचे उपाहारगृह चालवते. या ग्रंथासाठी तिच्याकडे लेख मागितला तर ती म्हणाली, "लिहायचं तुम्ही बघा, बाई. समारंभाचं जेवण माझ्याकडं." बाळूचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. तो त्या आजारपणाबद्दल काही सांगू शकत नाही, त्याला ते आठवत नाही, आणि त्याला आठवत नाही याचाच आम्हाला आनंद आहे.

बाई आता मुलुंडला भाचीकडे राहतात. गेल्या वर्षी डोळ्यांचे ऑपरेशन झाले. गुडघे कुरकुरतात, तरी सकाळचे फिरणे चुकत नाही. मी भेटायला गेले की चहा स्वतः करतात आणि मला पुढ्यात बसवून शाळेतल्या नव्या अभ्यासक्रमाबद्दल खोदून खोदून विचारतात. मीही निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, हे त्यांना मान्य नसावे.

साळवेबाई, आपल्या पंच्याहत्तरीला आम्ही सारे आपल्याला वाकून नमस्कार करतो. आपले डोळे स्वच्छ राहोत, गुडघ्यांनी साथ द्यावी, रात्रीची झोप शांत असावी, आणि भाचीच्या घरी माणसांची ये-जा कायम राहावी. आमचे आईवडील, सासूसासरे एकेक करून गेले. ज्यांना आम्ही मोठे म्हणावे अशी माणसे आता फार थोडी उरली. आपण आहात, तोवर माझ्यासारख्या केस पिकलेल्या बाईलाही कोणीतरी "सुनंदा, चल" म्हणणारे आहे, आणि कुठे म्हणून न विचारता मागे निघायची सोय आहे. ते भाग्य आम्हाला आणखी पुष्कळ वर्षे लाभू दे.